प्रवेशाचा अर्ज तिकडे वाचतो कोण? सीमाभागातील पालक-विद्यार्थ्यांसाठी धागा

वडगावकर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

द्वितीय पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की पुढचे दोन महिने माझ्या फोनला उसंत नसते. बेळगावातल्या एका पीयू कॉलेजात मी ३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि त्यांपैकी काही वर्षे सीईटीच्या कागदपत्र-पडताळणीला माझी नेमणूक झाली, एवढ्या भांडवलावर येळ्ळूरपासून खानापूरपर्यंतचे पालक मला विचारत असतात की, सर, अर्ज तर भरला, पण तिकडे तो वाचतो कोण? यंदा या प्रश्नाला नवे शेपूट फुटले आहे. आपल्याकडची काही मुले आता बेंगळुरूच्या आणि पुण्याच्या खाजगी विद्यापीठांत, क्वचित परदेशातही अर्ज करू लागली आहेत, आणि तिथे निबंध, शिक्षकांचे पत्र, मुलाखत असे बरेच काही मागतात. दोन्ही प्रकारच्या कचेऱ्यांत आपल्या अर्जाचे काय होते, हे जाणकारांनी लिहावे म्हणून हा धागा काढत आहे. माझ्या वाटणीचे मी आधी लिहितो.

सीईटीच्या वाटेने जाणारा अर्ज कोणी वाचत नाही, तो जुळवला जातो. कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे आपले केईए, अभियांत्रिकीसाठी पीयूसीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांच्या गुणांना निम्मे वजन देते आणि निम्मे वजन सीईटीच्या गुणांना देते. सीईटीत प्रत्येक विषयाचे ६० प्रश्न असतात आणि तिन्ही मिळून १८० गुण होतात. त्यातून रँक निघते, रँकेप्रमाणे आणि भरलेल्या पर्यायांप्रमाणे जागा मिळते. मुलगा कोणत्या घरातला, किती खस्ता खाऊन शिकला, याला त्या हिशेबात जागाच नाही, आणि एवढ्या मुलांची यादी लावताना ती ठेवणे कोणाला जमणारही नाही.

माणसाची नजर पडते ती पडताळणीच्या वेळी, आणि तीसुद्धा फक्त दाव्यांवर. उमेदवार कर्नाटकात किमान ७ वर्षे शिकला आहे का आणि एसएसएलसी (दहावी) किंवा पीयूसी इथून उत्तीर्ण आहे का, हे पहिले कलम. त्यानंतर ग्रामीण कोट्याचे १५ टक्के. त्यासाठी पहिली ते दहावी ही दहाही वर्षे ग्रामीण शाळेतच झालेली असावी लागतात. सातवीपर्यंत गावात शिकून आठवीला बेळगावच्या हायस्कूलमध्ये घातलेल्या मुलाच्या बापाला हे समजावून सांगताना माझ्या तोंडाला अनेकदा कोरड पडली आहे. कन्नड माध्यमाच्या ५ टक्क्यांचीही तीच कथा. मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांना कन्नड हा एक विषय होता म्हणून काही पालक त्या चौकटीत खूण करतात; तो दावा टिकत नाही, कारण तिथे माध्यम विचारलेले आहे. अभ्यास-प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांबरोबर बीईओंची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी आहे का, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) आणलेल्या जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर जुळतो का, एवढेच पाहणारा पाहतो. तो निष्ठुर नसतो. पुढच्या कागदावर जे नाही ते डोक्यातून घालण्याची त्याला मुभा नसते.

एक प्रसंग सांगतो. ‘ज्ञ’ने सुरू होणारे नाव असलेला एक मुलगा टेबलाशी आला. आपल्या मराठी घरात ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ होतो, म्हणून वडिलांनी आधारकार्डावर इंग्रजी स्पेलिंग ‘डी’पासून लिहवले होते. शाळेच्या कारकुनाने मात्र कन्नड वळणाप्रमाणे ‘जे’पासून लिहिले, आणि एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर तेच छापून आले. नाव तेच, बाप तोच, जन्मतारीख तीच, पण इंग्रजीत पहिले अक्षरच वेगळे, त्यामुळे माझ्या शेजारी बसलेल्या, मराठीचा गंध नसलेल्या सहकाऱ्याला ते दोन वेगळे विद्यार्थी दिसले. मी समजावले, तरी नियमाप्रमाणे प्रतिज्ञापत्र लागलेच. मुलगा नोटरीकडे धावला आणि टेबल आवरायच्या वीस मिनिटे आधी घामाघूम होऊन परत आला. त्या दिवसापासून मी भेटेल त्या पालकाला सांगतो की, दहावीचा फॉर्म भरण्याआधी सगळ्या कागदांवरचे स्पेलिंग एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा.

दुसऱ्या प्रकारच्या कचेऱ्यांबद्दल मला ऐकीव माहिती आहे, म्हणून ती इथे लिहीत नाही.

निपाणीची आई

सर, धागा काढल्याबद्दल आभार. माझी मुलगी यंदा द्वितीय पीयूला, विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम झाले आणि पीयूला गेल्यावर एकदम सगळे इंग्रजीत आले, त्यामुळे प्रथम पीयूत तिचे गुण घसरले. आता ती सावरली आहे. ती कर्नाटकची सीईटी देणार, महाराष्ट्राचीही देणार, आणि शिवाय बेंगळुरूच्या एका विद्यापीठात अर्ज करायचा तिच्या मनात आहे, जिथे परीक्षेनंतर मुलाखत असते. माझे दोन प्रश्न आहेत. महाराष्ट्रात आपल्याला बाहेरच्या राज्यातले धरतात का? आणि त्या घसरलेल्या गुणांचे कारण कुठे लिहायचे असते का, की लिहिल्याने उलट लक्ष वेधले जाते?

वडगावकर

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, दुसऱ्याचे जाणकार देतील.

महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या नियमांत उमेदवारीचे ए, बी, सी, डी, ई असे प्रकार केलेले आहेत. त्यातला ई प्रकार आपल्यासाठी आहे: महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण, आणि मातृभाषा मराठी. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे त्यांतलेच आपले गाव आहे याचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला, असे दोन कागद त्यासाठी लागतात. निपाणी त्या यादीत आहे, त्यामुळे तुमची पहिली अडचण नाही. दुसरा कागद मात्र आधी तपासा. शाळेच्या रजिस्टरात मातृभाषेचा रकाना असतो आणि पहिलीत नाव घालताना घाईत तिथे ‘कन्नड’ लिहिले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. घरात कन्नडचा एक शब्द बोलला जात नसला तरी कागद बोलेल तेच खरे.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे पीयूसीच्या गुणांना रँकेत निम्मे वजन आहे, तर एमएचटी-सीईटीच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण किमान पात्रतेपुरतेच लागतात आणि क्रम लागतो तो सीईटीच्या पर्सेंटाइलवर. परीक्षा अनेक सत्रांत होते म्हणून तिथे थेट गुण न धरता पर्सेंटाइल काढतात. म्हणजे प्रथम पीयूची घसरण या दोन्हींपैकी एकाही यादीला दिसणार नाही. ती दिसेल फक्त तुमच्या त्या तिसऱ्या अर्जात.

गडहिंग्लजकर

विषयाला धरूनच एक भर घालतो. आमच्या बाजूला याचे आरशातले प्रतिबिंब पाहायला मिळते. कर्नाटकाच्या नियमांत ‘गडिनाडु’ म्हणून एक कलम आहे. सीमेबाहेरच्या ठरावीक तालुक्यांत, त्यांत आमचे गडहिंग्लज, जत आणि अक्कलकोटही आले, राहणाऱ्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना त्याखाली तिकडच्या जागांसाठी पात्र धरतात. पण तिथे नुसता दाखला पुरत नाही, केईए कन्नडची ५० गुणांची परीक्षा घेते आणि त्यात किमान १२ गुण मिळवावे लागतात. माझ्या शेजाऱ्याच्या मुलाने ती दिली आहे. तुमच्याकडे मातृभाषा कागदावर सिद्ध करायची, आमच्याकडे कागदावर आणि वर परीक्षेतही. दोन राज्यांचे न्यायालयात काहीही चालू असो, दोघांच्या फॉर्मचे रकाने मात्र सख्ख्या भावांसारखे दिसतात.

शहापूरची लेक

मी बेळगावच्या शहापूर भागातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे पीयू आणि बीएस्सी इथेच, आणि नंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. तिथे कॉलेजच्या प्रवेश कचेरीत दोन हंगाम अर्धवेळ काम केले, त्यामुळे वाचणाऱ्याच्या बाजूने ही गोष्ट कशी दिसते ते थोडे सांगू शकते. निपाणीच्या ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच येईल.

आधी हे समजून घ्या की त्या कचेरीत जग वाटून घेतलेले असते. एकेका अधिकाऱ्याकडे काही राज्ये किंवा देश असतात, आणि त्या भागातल्या शाळांचे अर्ज आधी त्याच्याकडे येतात. आमच्याकडे ज्या बाईंकडे भारत होता त्यांना मुंबई, दिल्ली, बेंगळुरूच्या पंधरा-वीस नामांकित शाळा तोंडपाठ होत्या. तिथले ९० टक्के म्हणजे काय आणि ९५ म्हणजे काय, हे त्या न पाहता सांगत. बेळगाव कुठे आहे हे त्यांना मी नकाशावर दाखवले. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यापुढे आपल्या शाळेचा अर्ज दहा वर्षांत एखादा येणार.

आता वाचण्याचा क्रम. पहिल्यांदा विद्यार्थ्याचा निबंध उघडतात असा आपला समज असतो, पण आमच्याकडे पहिल्यांदा उघडत ते शाळेचे माहितीपत्रक. शाळा किती मोठी आहे, कोणते विषय शिकवते, गुण कसे देते, तिथून मुले पुढे कुठे जातात, हे त्या एक-दोन पानांत असते, आणि पुढचे सगळे वाचन त्या चौकटीत होते. या मुलीपुढे काय काय उपलब्ध होते आणि त्यातले तिने किती घेतले, हा त्या खोलीतला मूळ प्रश्न. मग गुणपत्रके, वर्षागणिक. चढण आहे की उतार, हे पाहतात. त्यानंतर शिक्षकांची व समुपदेशकाची पत्रे, उपक्रमांची यादी, निबंध. अनेक कॉलेजांत आता दोघे जण एकाच वेळी एकच फाइल उघडून बसतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने ही पद्धत साधारण २०१३च्या सुमारास आणली आणि मग ती पसरली. एकाला ड्रायव्हर म्हणतात, तो त्या भागाचा जाणकार असतो व गुण आणि शाळा पाहतो. दुसऱ्याला पॅसेंजर म्हणतात, तो निबंध आणि उपक्रम पाहतो. दोघे बोलत बोलत टिपण लिहितात आणि शिफारस ठरवतात. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत होते. ऐकून धक्का बसतो, मलाही बसला होता, पण सरावलेल्या माणसाला तेवढा वेळ पुरतो. फाइलमध्ये काही असेल, तर.

आपल्याकडच्या फाइलमध्ये नेमके तेच नसते. मी पाहिलेल्या भारतीय अर्जांपैकी लहान गावांतल्या बहुतेकांत माहितीपत्रकाच्या जागी शाळेच्या लेटरहेडवर चार ओळी असत आणि समुपदेशकाच्या पत्रात ‘वर्तणूक चांगली, अभ्यासू व आज्ञाधारक’. हा आपला दाखल्याचा मजकूर झाला. वाचणारीला त्यावरून एवढेच कळते की मुलगी कोणाशी भांडली नाही. याउलट मोठ्या शहरातल्या शाळेचे पत्र दीड पानाचे येते, कारण तिथे ते लिहायला पगारी माणूस ठेवलेला असतो.

म्हणून ताई, घसरलेल्या गुणांचे कारण लिहायचे की नाही, असा प्रश्नच नाही. अवश्य लिहायचे, आणि शक्यतो शाळेने लिहायचे. अमेरिकी कॉलेजांच्या कॉमन अॅप या सामाईक अर्जात त्यासाठी ‘अधिक माहिती’ची वेगळी जागा असते, इतर विद्यापीठांत मुलाखतीत विचारतातच. ‘दहा वर्षे मराठी माध्यमात शिकून अकरावीला इंग्रजी माध्यमात जावे लागले, पहिल्या सहामाहीत इतके गुण, वर्षअखेर इतके’ असे दोन वाक्यांत, तक्रारीचा सूर न लावता लिहिले की वाचणारी व्यक्ती तो उतार चढण म्हणून वाचते. न लिहिले तर तो नुसता उतार राहतो.

ब्रिटनचे थोडक्यात. तिथे युकास या एकाच अर्जावर ५ ठिकाणी नाव देता येते, ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते, आणि बऱ्याच ठिकाणी अर्ज तो विषय शिकवणारे प्राध्यापक पाहतात, त्यामुळे त्यांना मुलीच्या जीवनकथेपेक्षा तिने विषयात काय वाचले आणि काय करून पाहिले यात रस असतो. २०२६च्या प्रवेशापासून तिथला सलग निबंध गेला आणि त्याच ४००० अक्षरांत तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची पद्धत आली.

चिकित्सक

वाचायला हे सगळे गोड आहे, पण माझा आक्षेप नोंदवतो. गुणांची यादी लागते तेव्हा निदान ती भिंतीवर डकवता येते आणि शेजाऱ्याला आपल्यापेक्षा कमी गुण असताना जागा कशी मिळाली, असे विचारता येते. दोन माणसे बंद खोलीत बसून मुलाचे ‘व्यक्तिमत्त्व’ ठरवणार, यात आणि आपल्याकडच्या वशिल्यात फरक काय? शिवाय फी भरू शकणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व नेहमी उजळ दिसत असणार. ताईंनी प्रामाणिकपणे सांगावे.

शहापूरची लेक

प्रामाणिकपणेच सांगते, आणि तुमचा आक्षेप बराचसा खरा आहे.

प्रवेशात वंश पाहण्यावरून हार्वर्ड विद्यापीठावर झालेल्या खटल्यात, २०१८ साली सुनावणी झाली तेव्हा, त्यांची आतली पद्धत जगापुढे आली. अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिगत गुण अशा चार बाबींत अर्जदाराला १ ते ६ असे अंक देत, १ सर्वांत वरचा. त्यात आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलांना व्यक्तिगत गुणांत सरासरीने कमी अंक मिळालेले दिसले, आणि तोच वादाचा मोठा भाग झाला. माजी विद्यार्थ्यांच्या व देणगीदारांच्या मुलांना मिळणारे झुकते मापही तिथे उघड झाले. २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वंश हा घटक म्हणून वापरण्यास मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा प्रश्न त्या निकालात नव्हता. तेव्हा बंद खोलीत माप झुकते, हे मान्य.

पैशांबद्दल. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजे परदेशी मुलाचीही ऐपत प्रवेश ठरवताना पाहत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेप्रमाणे मदत देतात. बाकीची बहुसंख्य पाहतात, आमचेही पाहत असे. हंगामाच्या शेवटी यादी आवळताना ‘ही मुलगी चांगली आहे, पण मदतीचे पैसे संपले’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे, आणि त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गेले नाही. एवढे सगळे कबूल करूनही माझे म्हणणे असे की, बंद खोलीत जाणारा कागद तरी आपण धड लिहावा. वशिल्याच्या माणसाला कागद लागत नाही, आपल्या मुलांना कागदाशिवाय दुसरे काही नाही.

चिकित्सक

शेवटचे वाक्य पटले. बाकीचे मत राखून ठेवतो.

खानापूरचे मास्तर

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे, आणि ‘वर्तणूक चांगली, अभ्यासू व आज्ञाधारक’ हे वाक्य मी आजवर किती पत्रांत लिहिले असेल, याचा हिशेब नाही. वाचून शरमलो. त्याच रात्री माहितीपत्रक लिहायला बसलो आणि अर्धा तास नुसता बसून राहिलो, कारण प्रत्येक ओळीला वाटे, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मग शहापूरच्या ताईंनी नकाशावर बेळगाव दाखवल्याचे आठवले.

शेवटी जे लिहिले त्यातला काही भाग देतो, सुधारणा सुचवाव्यात. ‘आमची शाळा पश्चिम घाटाच्या पायथ्याशी आहे. शिक्षणाचे माध्यम मराठी असून विद्यार्थी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा तीन वेगवेगळ्या लिप्यांत शिकतात. दहावीची एसएसएलसी परीक्षा ६२५ गुणांची असते, पैकी १२५ गुण प्रथम भाषेचे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की वरच्या वाड्यांवरील विद्यार्थी तीन-चार दिवस शाळेत येऊ शकत नाहीत. त्या दिवसांची हजेरी गुणपत्रकात कमी दिसते. शाळेत प्रयोगशाळेची खोली एक आहे आणि सूक्ष्मदर्शक एक आहे. वक्तृत्व, विज्ञान-मंडळ किंवा क्रीडा-संघ असे उपक्रम शाळेत नियमित नाहीत, त्यामुळे विद्यार्थ्याच्या अर्जात ते नसल्यास तो विद्यार्थ्याचा आळस समजू नये.’

शेवटच्या वाक्यावर आमच्या सहशिक्षकांचे एकमत होईना. शाळेची उणीव आपणच का लिहायची, बाहेर नाव खराब होईल, असे काहींचे म्हणणे पडले.

शहापूरची लेक

गुरुजी, ते वाक्य काढू नका, मी हात जोडून सांगते. रिकामी उपक्रमांची यादी पाहून वाचणारी काय समजली असती, हे मी पाहिले आहे. ‘सूक्ष्मदर्शक एक आहे’ हेही राहू द्या. उद्या तुमच्या विद्यार्थ्याने निबंधात त्या सूक्ष्मदर्शकातून ओढ्याचे पाणी पाहिल्याचे लिहिले, तर त्याला वजन येईल ते या ओळीमुळे. भर एवढीच घाला: दहावीनंतर किती मुले पीयूला जातात आणि किती कामाला लागतात, तुमच्या रजिस्टरातून मोजून.

निपाणीची आई

ताई, उपक्रमांचे वाचून मी जरा धास्तावले आहे. आमच्या मुलीचा एकही उपक्रम नाही. कॉलेज, घर, घरची कामे, आणि संध्याकाळी गल्लीतल्या बायका येतात त्यांचे कागद वाचून देणे, एवढेच तिचे आयुष्य. आमच्या गल्लीत विडी वळणाऱ्या बऱ्याच बायका आहेत, त्यांना मराठी कसेबसे वाचता येते आणि कन्नड अजिबात येत नाही. पेन्शनचे, रेशनचे, नगरपालिकेचे जे पत्र येते ते कन्नडमध्ये. ही वाचून मराठीत सांगते, फॉर्म भरून देते. सातवीत असल्यापासून करते आहे. पण हे काही प्रमाणपत्र मिळण्यासारखे नाही.

शहापूरची लेक

ताई, हेच लिहायचे! कॉमन अॅपमध्ये १० उपक्रमांची जागा असते आणि त्यांच्या प्रकारांच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ हेही प्रकार छापलेले आहेत, म्हणजे घरची जनावरे सांभाळणे किंवा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, सुट्टीत काम करणे हेसुद्धा तिथे मोजले जाते. तुमच्या मुलीच्या विद्यापीठाचा फॉर्म वेगळा असेल, पण मुलाखत घेणारा विचारेल ते हेच. प्रमाणपत्र लागत नाही, आकडे लागतात. आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे, किती वर्षांपासून, साधारण किती घरांसाठी. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये वर्णनाला फक्त १५० अक्षरे असतात, म्हणून मी मुलांना आधी तेवढ्यात बसवून पाहायला सांगते. उदाहरणार्थ: ‘कन्नड न येणाऱ्या शेजारणींची सरकारी पत्रे मराठीत समजावते व त्यांचे पेन्शन-रेशनचे अर्ज भरते.’

मात्र एक गोष्ट पाळा. निबंध तिलाच लिहू द्या. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे आता बेळगावातही मिळतात आणि संगणकाकडून लिहून घेणेही सोपे झाले आहे, पण त्या निबंधांत गल्ली नसते. समाजसेवेची आवड, नेतृत्वगुण, जग बदलण्याची इच्छा असे सगळे असते, आणि ते दिवसाला चाळीस वेळा वाचलेले असते. मुलाखतीत ‘त्या पत्रांपैकी तुला आठवणारे एक सांग’ असे विचारले की तो निबंध तिथेच उघडा पडतो.

निपाणीची आई

विचारले मी तिला. ती म्हणाली, एका आजींना पेन्शन बंद झाल्याचे पत्र आले होते, कारण कार्यालयाच्या नोंदीत त्या मयत दाखवल्या होत्या. हिने ते वाचले, पण आजींना सांगताना तिची जीभ उचलेना, म्हणून आधी त्यांना चहा करून दिला आणि मग सांगितले. आजी हसल्या म्हणे. नंतर हिनेच हयातीचा दाखला काढायला त्यांच्याबरोबर दोन खेपा घातल्या. मला हे आज पहिल्यांदा कळले.

वडगावकर

ताई, हे तिच्या शब्दांत जसेच्या तसे लिहून ठेवा. मी पडताळणीच्या टेबलावर इतकी वर्षे काढली, पण मुलांना असे काही विचारायचे मला कधी सुचले नाही. आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

मास्तरांना एक विनंती. माहितीपत्रकाचा नमुना पक्का झाला की इतर मराठी शाळांनाही द्यावा, प्रत्येकाने आपापल्या शाळेची खरी माहिती त्यात भरावी. नक्कल करून एकच मजकूर सगळ्यांनी पाठवला तर दुसऱ्या वर्षीच तो ‘वर्तणूक चांगली’च्या पंक्तीला जाऊन बसेल.

खानापूरचे मास्तर

जरूर देतो. सहशिक्षकांशी पुन्हा बोललो, शेवटचे वाक्य राहिले. इंग्रजी भाषांतर मात्र माझ्याने नीट होत नाही. येत्या शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर मी बेळगावला येतो आहे, वडगावकर सरांकडे बसून ते पूर्ण करावे असे मनात आहे. निपाणीच्या ताईंनीही मुलीला घेऊन यावे. तिच्या शाळेचे माहितीपत्रक तिथेच लिहू आणि तिच्या मुख्याध्यापकांच्या सहीला पाठवू.

निपाणीची आई

आम्ही दुपारच्या एसटीने येतो. येताना काय काय आणू?

वडगावकर

पहिलीपासूनचे सगळे दाखले, मार्क्स कार्ड, आधारकार्ड आणि जन्मदाखला. मुलीचे नाव काय म्हणालात?

निपाणीची आई

सर, नाव ‘ज्ञ’नेच सुरू होते. म्हणूनच विचारले.